जंताच्या डोसानंतर मेंढ्या आंधळ्या होतात तेव्हा

प्रश्न माण तालुक्यातल्या एका मेंढपाळाचा आहे. थोडक्यात असा: वाडा शंभर-सव्वाशे मेंढरांचा. दिवाळीनंतर खाली जायला निघण्याआधी सगळ्यांना जंताचं औषध पाजलं, मोठीला ५ मिली आणि कोकराला ३ मिली. दहा-बारा दिवसांनी चौदा मेंढरं ठेचकाळू लागली. बाभळीला धडकतात, ओढ्याच्या काठावरून खाली जातात, कळपामागे आवाजाच्या अंदाजाने येतात. डोळ्यांत पाणी नाही, पू नाही, फूल पडलेलं नाही. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं डोळे आलेत, दुकानदाराने डोळ्यात घालायची ट्यूब दिली. सोबत औषधाच्या बाटलीचा फोटो आहे. "डोस देऊन तर पंधरवडा होत आला, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?"

संबंध आहे. फोटोतली बाटली क्लोझँटेलची आहे, १५ टक्के तीव्रतेची. तुम्हीच पुढे लिहिलंय की गेल्या वर्षीची बाटली ५ टक्क्यांची होती आणि त्यातूनही मोठीला ५ मिलीच पाजत होता. सगळी गोष्ट या दोन वाक्यांत आहे.

आधी हिशोब मांडू. क्लोझँटेलची तोंडाने द्यायची मात्रा मेंढीला वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम. तुमची मेंढी २५ किलोची धरली तर तिला २५० मिलिग्रॅम औषध हवं. ५ टक्क्यांच्या बाटलीत एका मिलीत ५० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे ५ मिली बरोबर. १५ टक्क्यांच्या बाटलीत एका मिलीत १५० मिलिग्रॅम. तिथे पावणेदोन मिलीहून थोडं कमीच पुरतं, पण तुम्ही ५ मिली पाजलं, म्हणजे ७५० मिलिग्रॅम, तिप्पट. हा झाला भरल्या अंगाच्या मेंढीचा हिशोब. १८ किलोच्या वाळलेल्या म्हातारीला तेच ५ मिली गेलं की किलोला ४० मिलिग्रॅमच्या पुढे जातं, आणि नऊ किलोच्या कोकराला ३ मिली म्हणजे किलोला ५०, म्हणजे पाचपट. तुम्ही लिहिलंय की आंधळ्या झालेल्यांत दूध तुटलेली कोकरं जास्त आहेत आणि बाकीच्या "हाडाला लागलेल्या" मेंढ्या. ही यादी वाचल्यावर मला दुसरं कारण शोधावंसं वाटलं नाही.

तरीही शोधायचं, कारण एकदा मी शोधलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका वाड्यावर गेलो होतो. मेंढ्या आंधळ्या, डोकं जरा वर, चालणं डळमळीत. मी म्हटलं, मेंदूचा आजार, जीवनसत्त्व बी-१ ची कमतरता. थायमिन, म्हणजे तेच बी-१, टोचलं, जीवनसत्त्व अ दिलं, आणि विचारलं, "अलीकडे काही औषध दिलं होतं का?" म्हातारबाबा म्हणाले, "न्हाई." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी 'अलीकडे' म्हणजे काल-परवा. जंताचा डोस होऊन दोन आठवडे उलटले होते, तो त्यांच्या हिशोबात जुना झाला होता. तेव्हापासून मी प्रश्न बदलला. आता विचारतो, "गेल्या अमावस्येपासून आजपर्यंत तोंडातून, सुईतून, अंगावरून काय काय गेलं?" मग बाटल्या पोत्यातून बाहेर येतात.

हे औषध लगेच बोलत नाही, आणि त्यामुळेच ते निसटतं. लेव्हामिसोल हे जंताचं दुसरं औषध जास्त झालं तर तासाभरात लाळ गळते, अंग थरथरतं, मेंढपाळाला तिथल्या तिथे कळतं की चूक झाली. क्लोझँटेलचं तसं नाही. ते पोटातून रक्तात उतरायला एक-दोन दिवस घेतं आणि रक्तातल्या प्रथिनाला, अल्ब्युमिनला, जवळजवळ पूर्णपणे चिकटून बसतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्याचा गुणही यातच आहे. रक्त पिणारा हिमोंकस जंत किंवा यकृतातला चपटा कृमी रक्तासोबत औषध गिळतो आणि मरतो, आणि पुढचे काही आठवडे पोटात नव्याने आलेले रक्तपिपासू जंतही टिकत नाहीत. ज्या गुणासाठी आपण ते विकत घेतो, मात्रा चुकली की त्याच गुणामुळे नुकसान चालू राहतं.

जंताच्या पेशीत ऊर्जा तयार होते ती यंत्रणा हे औषध मोडतं. मात्रेत असेपर्यंत मेंढीच्या पेशींना त्याचा त्रास होत नाही. मात्रा ओलांडली की मेंदूच्या पांढऱ्या भागात, मज्जातंतूंच्या वेष्टणात पाणी साचतं आणि ते स्पंजासारखं फुगतं. डोळ्याची नस मेंदूकडे जाताना हाडाच्या अरुंद नळीतून जाते. नस फुगते, हाड काही सरकत नाही, आणि नस तिथेच चेपली जाते. दुसरा मार डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यावर बसतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशी झडत जातात. म्हणूनच बाहेरून डोळा स्वच्छ, चकचकीत दिसतो. बिघाड डोळ्याच्या मागे आहे, वरून घातलेली ट्यूब तिथे पोचत नाही. ती बंद करा.

आता वाड्यावरच करता येईल अशी तपासणी सांगतो. मेंढीची बाहुली आपल्यासारखी गोल नसते. ती आडवी असते, चिरेसारखी. भर दुपारी उन्हात धडधाकट मेंढीच्या डोळ्यात बघा, ती चीर बारीक झालेली दिसेल. मग आंधळ्या मेंढीच्या डोळ्यात बघा. क्लोझँटेलची बाधा असेल तर ऊन असूनही बाहुली मोठी, जवळजवळ गोल झालेली असेल, आणि आतून निळसर-हिरवी चमक दिसेल. रात्री तीच मेंढी धरा, मोबाइलची बॅटरी डोळ्यावर मारा. बाहुली हलणार नाही किंवा अगदी आळसटून हलेल. शेजारच्या चांगल्या मेंढीची लगेच आकसेल. दोन्ही मेंढ्या आलटून पालटून बघा, नुसत्या एकीवरून अंदाज चुकतो. हात डोळ्याजवळ झटकन नेला तर आंधळी मेंढी पापणी मिटत नाही. पण तळहाताने वारा लागू देऊ नका, वाऱ्यानेही पापणी मिटते आणि आपण फसतो.

या एका बाहुलीवरून बरंच काही वेगळं करता येतं. बी-१ च्या कमतरतेने होणाऱ्या मेंदूच्या आजारात मेंढी आंधळी असते, पण बाहुली उजेडाला बऱ्याचदा दाद देते, कारण बिघाड मेंदूच्या वरच्या थरात असतो, डोळ्याच्या नसेत नसतो. ती मेंढी मान मागे टाकते, आभाळाकडे बघितल्यासारखी उभी राहते, झटके येतात, आणि वेळेत थायमिन मिळालं तर एक-दोन दिवसांत फरक दिसतो. डोळे आले असतील तर पाणी, चिपडं, लाली आणि बुबुळावर पांढुरका पडदा दिसतो, आणि ते एकातून दुसऱ्यात पसरत जातं. मेंदूत जंताचा फुगा असेल तर सहसा एखाद-दुसरीच मेंढी असते आणि ती एकाच अंगाने गोल गोल फिरते. जीवनसत्त्व अ ची कमतरता आपल्या दुष्काळी पट्ट्यात विसरून चालत नाही. महिनोन्महिने हिरवं मिळालं नाही की आधी रातांधळेपणा येतो, मग दिवसाही दिसेनासं होतं, आणि तिथेही बाहुली मोठी राहू शकते. पण ते हळूहळू वाढतं. पावसाळा चरून आलेल्या कळपात, एकाच आठवड्यात, एकाच दिवशी डोस घेतलेल्या चौदा मेंढरांना ते होत नाही. गाभण मेंढीला दिवस भरताना उपासमार झाली तरी ती आंधळ्यासारखी वागते, पण तुमच्याकडे कोकरंही आहेत, तेव्हा तो विषय मिटला.

क्लोझँटेलच्या बाधेत नुसता आंधळेपणाच असतो असं मात्र नाही. मेंढी चारा सोडते, मागचे पाय लुळे पडतात, उभी राहताना अडखळते, काही आडव्या होतात आणि मरतात. तुमच्या चौदांपैकी दोन बसून राहतात असं तुम्ही लिहिलंय, त्यांच्यावर नजर ठेवा. आणि बाकीच्या कळपाकडेही. पाजल्यापासून तीन आठवडे होईपर्यंत नवीन मेंढरं यात येऊ शकतात. रोज संध्याकाळी जाळी लावताना एक सुतळी आडवी धरून कळप तिच्यावरून जाऊ द्या. ज्याला दिसत नाही ते कोकरू सुतळीला अडकतं.

आता उपचाराचं, म्हणजे तुम्हाला खरं जे विचारायचंय ते. या विषावर उतारा नाही. चूक त्याच दिवशी लक्षात आली असती तर सक्रिय कोळसा पाजून पोटातलं थोडं औषध अडवता आलं असतं. आता ती वेळ गेली. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर सूज उतरवण्यासाठी मॅनिटॉल किंवा डेक्सामेथासोन देऊन बघतील. फुगलेल्या नसेवरचा दाब कमी व्हावा हा त्यामागचा विचार आहे. लवकर दिलं तर कधी उपयोग होतो, पण शब्द कुणी देऊ नये. डेक्सामेथासोन देण्याआधी कोणती मेंढी गाभण आहे ते डॉक्टरांना नक्की सांगा, दिवस भरत आलेल्या मेंढीचा त्याने गाभ पडू शकतो. थायमिन मात्र सगळ्या चौदांना देऊन टाकावं असं माझं मत आहे. बी-१ चा आजार शंभर टक्के नाकारता येत नाही, औषध स्वस्त आहे आणि त्याने बिघडत काही नाही.

नजर परत येईल का? ज्यांच्यात नुसती सूज आहे त्यांच्यात काही आठवड्यांत थोडी सुधारणा दिसू शकते. ज्यांच्या पडद्याच्या पेशी झडल्या त्यांची नजर गेली, ती येत नाही. महिनाभर थांबा. महिन्यानंतरही बाहुली तशीच ताठ असेल तर आशा ठेवू नका.

तोपर्यंत आंधळ्या मेंढ्यांना चालत्या कळपाबरोबर नेऊ नका. मुक्काम हलतो, पाणी रोज नव्या जागी, मेंढी गांगरते आणि दरीत नाही तर विहिरीत जाते. त्यांना घरी, एका जागी, सावलीत ठेवा. पाण्याचं भांडं आणि गव्हाण यांची जागा बदलू नका. एका शांत, देखत्या शेळीच्या गळ्यात घंटा बांधून त्यांच्यात सोडा. दोन-तीन दिवसांत त्या घंटेमागे जाऊन पाणी पितात. मी पाहिलेल्या आंधळ्या मेंढ्यांपैकी काही अशाच जगल्या, व्यायल्या, कोकरं वाढवली. आंधळेपणा पिल्लात उतरत नाही, ते भय मनातून काढा.

खाटकाला लगेच देण्याचा मोह होईल, कारण आंधळी मेंढी बाजारात निम्म्या भावातही जात नाही. देऊ नका. औषध अजून तिच्या अंगात आहे. लेबलवर मांसासाठी थांबायचा जो कालावधी छापलेला असतो तो बरोबर मात्रेसाठी असतो, तिप्पट-पाचपट गेलेल्या जनावराला तो पुरणारा नाही. हे औषध माणसाच्या डोळ्यालाही सोडत नाही. १९९३ साली लिथुआनियात मदत म्हणून आलेल्या औषधांत क्लोझँटेल होतं. ते जनावराचं औषध आहे हे न कळल्याने अकरा स्त्रियांना दिलं गेलं आणि त्यांची दृष्टी काही काळ गेली. पालात औषधाची बाटली आणि पोरांच्या खोकल्याची बाटली एकाच पिशवीत असते, हे मी रोज बघतो. ती पिशवी आज वेगळी करा.

दोन बसलेल्यांपैकी एखादी मेली तर पुरून टाकू नका, आधी दवाखान्यात कळवा. मेंदू आणि डोळे फॉर्मालिनमध्ये घालून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवता येतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती स्पंजासारखी जाळी आणि चेपलेली नस दिसली की वाद राहत नाही. उरलेली बाटली, झाकण आणि खोकं जपून ठेवा. तीव्रता, बॅच नंबर सगळं त्यावर असतं. औषधच खराब होतं की मोजमाप चुकलं, हे त्यावरूनच ठरेल. तुमच्या बाबतीत औषधाला दोष देता येईल असं मला वाटत नाही. दुकानदाराने मात्र बाटली बदलून देताना "हे तिप्पट कडक आहे" एवढं वाक्य बोलायला हवं होतं. बोलला असता तर मला हे सगळं लिहावं लागलं नसतं.

पुढच्या वेळचं सांगतो. यात आमच्याच पशुसंवर्धन खात्याने पसरवलेली एक सवय आड येते. शिबिरांतून आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो की कळपातल्या सगळ्यात जड मेंढीच्या वजनाने सगळ्यांना डोस द्या, कमी पडला तर जंत औषधाला दाद देईनासे होतात. सल्ला चुकीचा नाही, पण तो फेनबेंडाझोलसारख्या औषधांसाठी शोभतो, तिथे दुप्पट गेलं तरी फार बिघडत नाही. (अल्बेंडाझोललाही बऱ्यापैकी मोकळीक आहे, फक्त गाभाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये, पोटातल्या पिल्लात व्यंग येतं.) क्लोझँटेल आणि त्याचा भाऊ रॅफॉक्सानाइड यांना ती मोकळीक नाही. यांच्यासाठी कळपाचे निदान तीन भाग करायचे: भरल्या अंगाच्या, वाळलेल्या, आणि कोकरं. प्रत्येक भागातल्या सगळ्यात जड जनावराचं वजन धरायचं, शेजारच्या भागातलं नाही.

वजन डोळ्याने करू नका. लोकर वाढलेली दख्खनी मेंढी आहे त्याहून जड दिसते. झाडाला स्प्रिंगचा काटा टांगा, पोत्याची झोळी करा, प्रत्येक भागातली तीन-चार जनावरं तोला. काटा नसेल तर टेप लावा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला ६६० ने भागा, साधारण किलो येतात. घेर २७ आणि लांबी २४ आली तर साडेसव्वीस किलो. टेप लोकरीत दाबून लावायचा, वरून नाही.

बाटलीच्या झाकणाने मापू नका. सुई काढलेली सिरिंज घ्या. पिचकारीने पाजत असाल तर कामाआधी तिच्याने दहा डोस पाण्याचे एका मापात उडवा. २ मिलीवर लावली असेल तर २० मिली भरलं पाहिजे. जुन्या पिचकाऱ्या जास्त फेकतात. पाजलेल्या मेंढीच्या कपाळावर लगेच रंगाचा ठिपका द्या. दोघं भाऊ दोन बाजूंनी पाजत येतात आणि मधल्या मेंढ्यांना दोनदा मिळतं, हे मी स्वतः उभं राहून बघितलेलं आहे. आणि एक पाजून "गुण आला नाही" म्हणून आठ दिवसांत दुसरी बाटली आणायची असेल तर आधी दोन्हींवरची नावं ताडून बघा. आयव्हरमेक्टिनच्या काही बाटल्यांत क्लोझँटेल मिसळलेलं असतं. पहिलं अजून अंगात असतं, दुसरं त्यावर चढतं.

वाळलेल्या मेंढ्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मला तेच अवघड वाटतं. ज्या मेंढीच्या यकृतात चपटे कृमी आहेत, जबड्याखाली पाणी उतरलंय, पापणी उलटली तर आतून पांढरी फटक आहे, तिलाच या औषधाची सगळ्यात जास्त गरज असते. पण तिच्याच रक्तात अल्ब्युमिन कमी झालेलं असतं. औषधाला चिकटायला प्रथिन पुरत नाही, ते मोकळं फिरतं, आणि अशा जनावराला बाधा लवकर होते असं मानलं जातं. अशा मेंढ्या मी वेगळ्या काढायला सांगतो. आधी आठ-दहा दिवस पेंड आणि चांगला चारा, मग एकेकीला तोलून, लेबलवर लिहिलेली तेवढीच मात्रा, थेंब जास्त नाही. फारच खालावली असेल तर कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टरांना तिथेच ठरवू द्या.

आणि सगळ्यांना दर वेळी हेच औषध कशाला? चपट्या कृमींचा त्रास तळ्याकाठी, कॅनॉलच्या कडेला, भातखाचरात चरणाऱ्या कळपांना होतो, कारण तो कृमी पाणगोगलगायीतून येतो. कोकणात उतरून आलेल्या कळपाला त्याची गरज पडते. माणच्या कोरड्या माळावर वर्षभर राहिलेल्या कळपाला बहुतेकदा पडत नाही. आठ-दहा मेंढ्यांच्या लेंड्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून दवाखान्यात द्या, अंडी कशाची आहेत ते बघून औषध ठरेल.

आजच्या आज एवढं करा: उरलेली बाटली बाजूला काढा, चौदा मेंढरं वेगळी करा, डॉक्टरांना बोलवा आणि त्यांना आजार सांगायच्या आधी ही बाटली दाखवा.